रफीचा वरचा सूर

जुन्या रेकॉर्डवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून देणं हे माझं काम. त्या दिवशी आमच्या नांदेडचेच एक वयस्कर सरदारजी ‘नानक नाम जहाज है’ची रेकॉर्ड घेऊन आले. गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या वर्षी, १९६९ला आलेला हा पंजाबी चित्रपट. लोक थिएटरात चपला बाहेर काढून, डोकं झाकून जायचे. एस. मोहिंदर यांना या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही संगीताला पुरस्कार सुरू होऊन जेमतेम तिसऱ्या वर्षी.

रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. एका गाण्याचा पट्टा घासून राखाडी झाला होता.

“मित्तर प्यारे नूं,” सरदारजी म्हणाले. “वडील रोज लावायचे.”

ही रचना गुरू गोविंदसिंगांची. चमकौरच्या लढाईत थोरले दोन मुलगे गेले, त्यानंतर माछीवाड्याच्या जंगलात ती झाली असं मानतात. तुझ्यावाचून रजई म्हणजे रोग, घरात राहणं म्हणजे सापांच्या सोबतीला राहणं, असा जिवलग मित्राला, म्हणजे देवाला, धाडलेला निरोप आहे तो. गुरूंचा शेवट १७०८मध्ये इथे नांदेडलाच झाला. इथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकत वाढलेल्या मला हे गाणं परकं कसं वाटेल?

रेकॉर्ड लावली. खालचे सूर ठीक, पण रफी वर चढला की आवाज फाटायचा. खरखर सॉफ्टवेअरनं निघते. फाटलेला सूर मात्र सांधता येत नाही, आणि जास्त साफसफाई केली तर गळ्यातली धारच जाते. म्हणून सुई बदलली. नेहमीची सुई खाचेच्या ज्या उंचीवर टेकते, तिथेच खाच झिजलेली असते. वेगळ्या घडणीच्या टोकाला कधी कधी तिच्या वर किंवा खाली न झिजलेली भिंत सापडते. दोन सुयांनी काही साधलं नाही. तिसरी, लांबट टोकाची लावली आणि तो सूर अख्खा वर गेला. कुठेही न चिरकता.

सरदारजींनी बूट कधी काढले होते, मला कळलंच नाही. हात जोडून बसले होते.

मग आशाबाईंचं ‘रे मन ऐसो कर संन्यासा’ आलं. घरालाच वन समज, विरक्ती मनात असू दे, असं सांगणारं. तो पट्टा जवळजवळ कोरा होता. साफ करायला काही नव्हतंच. माझ्या मते या चित्रपटातलं सगळ्यात उजवं गाणं हेच. आवाज किती कमी जोर लावतो आणि किती आत जातो!

“हे आमच्या घरी कधी वाजलंच नाही, भाऊ,” सरदारजी म्हणाले. “परत लावा.”