बडोद्याच्या उन्हात एक ड्वार्फ

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि भाचा माझ्या लॅपटॉपसमोर जो बसला तो चार वाजेपर्यंत एकाच स्क्रीनवर. खेळ सुरूच नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाचा तो पहिला पडदा, आपण कुठल्या रेसचं, म्हणजे कुठल्या जातकुळीचं पात्र व्हायचं ते निवडायचा, एका रांगेत चार रेस, दुसऱ्या रांगेत चार, आणि मधे तो प्राणी नुसता उभ्याउभ्या श्वास घेतोय आणि हा त्याची शिंगं बदलतोय, दाढी बदलतोय, परत पहिलीच दाढी लावतोय. मी चहाचं आधण ठेवलं तेव्हा ऑर्क होता, गाळायला घेतला तोवर ट्रोल झालेला. मग म्हणे, "मावशी, तू एवढी वर्षं खेळतेस, कुठली घेऊ ते सांग ना एकदाचं."

आता याला काय सांगणार. सगळा अभ्यास आधीच झालेला. बैलतोंड्या टॉरेनला पाच टक्के जीव जास्त, ह्यूमनला रेप्युटेशन दहा टक्के जास्त, बुटक्या ड्वार्फने स्टोनफॉर्म लावला की विष उतरतं, नाइट एल्फ सावलीत गायब होतो. तोंडपाठ. गणिताच्या पेपरात टक्केवारी आली की रडणारा हाच मुलगा.

मी तर रेस बघतच नाही, मी हवामान बघते. हसला तो. पण हसण्यासारखं काय आहे त्यात? प्रत्येक रेसचं पहिलं गाव वेगळं, आणि पहिल्या आठ-दहा लेव्हल तिथेच घासायच्या असतात. ऑर्क आणि ट्रोल घेतला तर ड्युरोटार, सगळी लाल, भेगाळलेली माती. मे महिन्यात बडोद्यात बेचाळीस डिग्री असताना तिकडे कोण जाणार, त्यापेक्षा मी खाली उतरून भाजी आणते, ऊन तेच आणि भाजी तरी मिळते. नाइट एल्फचं गाव एका अवाढव्य झाडावर, तिथे सदान्कदा तिन्हीसांजा झाल्यासारखा जांभळा उजेड, मला उदास वाटतं. अनडेड तर कधीच नाही, उठायचं ते थेट थडग्यातून, सक्काळी सक्काळी हे कुणी सांगितलंय. टॉरेनचं मलगोर छान आहे, हिरवंगार माळरान, ते मी श्रावणासाठी ठेवते. उन्हाळ्यात मात्र ड्वार्फ. ड्वार्फ आणि त्याहून बुटके ग्नोम जन्मतात ते बर्फातच. हेडफोन लावून नुसतं चालत राहायचं, त्याचे बूट बर्फात रुततात तो करकर आवाज, आणि मागून कूलरच्या ओल्या ताटीचा वास. बास, दुपार गेली.

दादा गेली कित्येक वर्षं कॅनडात आहे. त्याला फोनवर म्हटलं की मी रोज तासभर बर्फात चालते, तर आधी दोन मिनिटं कौतुकाने ऐकलं आणि मग कळल्यावर म्हणाला, इकडे ये, फावडं देतो.

लेव्हल वाढवणं वगैरे होतं मधे मधे. पहिलाच माणूस सांगतो, लांडग्यांचं मांस आण, आठ तुकडे. आता लांडगा मारला म्हणजे मांस असणारच ना त्यात? नाही. एकात असतं, पुढच्या दोघांत नसतं. मग इतका वेळ अंगावर धावून येत होतं ते काय होतं, हा प्रश्न ज्यांना ज्यांना पडलाय ते सगळे माझे लोक. पुढे खारानोस गाव लागतं तिथे एक जण रानडुकराच्या बरगड्या बिअरमध्ये शिजवायला शिकवतो. मी जन्मापासून शाकाहारी, राज्य जन्मापासून, म्हणजे 1960 पासून दारूबंदीचं, आणि भर दुपारी मी खाणावळवाल्याकडून माल्ट विकत घेऊन शेकोटीवर बरगड्या परततेय. आई मागून जाताना विचारते, काय शिजवतेस ग. मी म्हणते, रस्सा.

आणि त्या खाणावळीचं एक आहे बरं का, ते मला फार म्हणजे फार आवडतं. खेळ बंद करताना आपल्या माणसाला खाणावळीत नेऊन ठेवला तर त्याला विश्रांती लागू होते. दर आठ तासांच्या झोपेमागे लेव्हलचा विसावा भाग, असं साठत साठत दीड लेव्हलपर्यंत जातं, आणि तेवढं भरेपर्यंत मग प्रत्येक मारामारीचे एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, दुप्पट. म्हणजे दुपारी जेवून आडवं होणाऱ्यांचा हिशेब कुणीतरी नीट मांडून ठेवलाय. रात्रभर जागून खेळणाऱ्या पोरांना हे मिळत नाही. आमच्या घरात बाबा दीड ते चार झोपायचे, दारावरची बेल काढून ठेवायचे, लोक नावं ठेवायचे. असो.

मला वाटतं मला हे खूळ लागलं ते दिवाळीच्या किल्ल्यापासून. बडोद्यातल्या मराठी घरांत किल्ला व्हायचाच, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात तर तीन तीन व्हायचे आणि एकमेकांच्या किल्ल्यांकडे कुत्सितपणे बघणं हाही दिवाळीचाच भाग होता. मार्केटच्या बाहेर एक बाई टोपलीत भुशावर मातीची चित्रं मांडून बसायची. महाराज, मावळे, तोफ, तोफेपेक्षा मोठा वाघ, आणि का कोण जाणे एक पोपट. आम्हा तिघांना एकेक चित्र घ्यायची परवानगी. आधी दादाचा मान, तो न बघता महाराज उचलायचा. मग ताई वाघ. माझी पाळी येईपर्यंत टोपलीत महाराजांचे भाऊबंद भरपूर असायचे, पण एका किल्ल्यावर दोन महाराज चालत नाहीत. मग मी घागर घेतलेली बाई घ्यायचे. रडत वगैरे नाही हं, मला तीच हवी असायची. एके वर्षी ताईने वाघ द्यायचीसुद्धा तयारी दाखवली, तरी मी घेतला नाही.

तिची हिरवी साडी बोटांना लागायची, मान तारेवर बसवलेली, जोरात ठेवली तर नाही नाही म्हणत हलायची. किल्ल्याच्या पायथ्याशी फुटक्या आरशाचं तळं, त्याच्या काठी तिला उभी करायची. तिथपासून दरवाज्यापर्यंत पायऱ्या दादाने फूटपट्टीने पाडलेल्या. धनत्रयोदशीच्या सकाळी ती पहिल्या पायरीवर. संध्याकाळी दुसऱ्या. पेरलेले अळीव तोवर उगवून आलेले असायचे आणि तिला त्या जंगलातून वाट काढावी लागायची, मी काडीने अळीव बाजूला करायचे, मग मावळ्यांच्या चौकीशी थांबायचं, तिथे तो तिला दरडावून काहीतरी विचारणार (आवाज माझाच), मग पुढे. पाडव्यापर्यंत ती वर पोचायची, आणि वर पोचली की मला तिचं काय करायचं ते सुचायचं नाही. दरवाज्याहून ती उंच, आत जायची नाही. मग मी तिला परत तळ्यावर आणायचे.

दादाचे महाराज पहिल्या दिवसापासून गादीवर. चार दिवस बसूनच.

गादीवरून आठवलं. सयाजीरावांची गोष्ट बडोद्यात वाढलेल्या कुठल्याही मुलाला झोपेत विचारा. 1875 साल, महाराणी जमनाबाईंना गादीसाठी मुलगा दत्तक घ्यायचा होता, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून मुलं आणली, इथे कशाला आलात असं विचारलं, तर बारा वर्षांचा गोपाळराव, तोच पुढे सयाजीराव, म्हणाला, राज्य करायला आलोय. शाळेत बाई इथे थांबायच्या आणि वर्गाकडे अशा बघायच्या की आमच्यातला कुणीतरी आत्ता उठून तसंच काहीतरी बोलेल. मला मात्र त्याच्या पुढचाच भाग आवडतो, जो पटकन उरकला जायचा. त्या मुलाला धड अक्षरओळख नव्हती. मग इलियट साहेब मास्तर नेमले, मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, सगळं पाटीवरून सुरू, आणि राज्याचे पुरे अधिकार हातात आले ते 1881 च्या डिसेंबरात. मधली सहा वर्षं नुसती शिकण्यात. राजवाड्यात राहून रोज गिरवत बसणारा तेरा-चौदा वर्षांचा राजा मला नेहमी डोळ्यापुढे येतो. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे रेस भारी मिळाली पण सुरू लेव्हल एकपासूनच ना." बरोबर आहे की. सोबत आलेल्या दुसऱ्या मुलांनी त्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मात्र कुणाला पाठ नसतं.

एवढं सगळं ऐकून त्याने शेवटी ग्नोम घेतला. मधल्या दोन तासांत ज्याच्यावर एकदाही क्लिक केलं नव्हतं तो.

2019 मध्ये खेळाच्या कंपनीने जुना खेळ जसाच्या तसा परत चालू केला ना, क्लासिक म्हणून, तेव्हा आपल्याकडे 27 ऑगस्टची पहाट होती, साडेतीन. जगभरातले बापे, नोकऱ्या असलेले, पोरंबाळं असलेले, सगळे एकदम लेव्हल एकला. एकेका गावात इतकी गर्दी की क्वेस्टमधला, म्हणजे नेमून दिलेल्या कामातला, एकच राक्षस मारायला लोकांनी चक्क रांगा लावल्या, दसऱ्याला फाफड्याच्या दुकानासमोर लागते तशी, मधे घुसला की मागून ओरडा. कुणी सांगितलं नव्हतं रांग लावा म्हणून. तलवारी-कुऱ्हाडी घेतलेले ते सगळे फाटक्या कपड्यांत नंबराची वाट बघत उभे, राक्षस येतो, मरतो, पुढचा सरकतो. मी इतकी वर्षं हा खेळ खेळतेय पण इतका चांगला दिवस त्यात परत पाहिला नाही.

कारण नंतर लोक गंभीर होतात. दहाव्या लेव्हलला पहिला टॅलेंट पॉइंट, म्हणजे आपलं कसब निवडायचा गुण, मिळतो आणि तिथून बिघडतं. त्याआधी कुणी कुणाला विचारत नाही की तू अशी का खेळतेस. दहानंतर विचारतात. हंटर असाल तर दहाला अस्वल पाळता येतं तेवढं एक चांगलं, ते मी पाळते, त्याला नाव ठेवते, खाऊपिऊ घालते. मग ड्वार्फांच्या मुलखातून बाहेर पडायचा एक बोगदा आहे, पलीकडे बर्फ संपतो आणि लॉक मोडन लागतं, तळं वगैरे, बरं आहे. पण त्यापुढे हळूहळू सगळे एकाच वाटेला लागतात. तिसाव्या लेव्हलच्या आसपास गेलात की ड्वार्फ काय, टॉरेन काय, सगळे त्याच स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात तेच वाघ मारत असतात, मग सुरुवातीला दोन तास बसून दाढी कशाला निवडली होती? चाळिसाव्या लेव्हलला घोडा मिळतो म्हणतात, ड्वार्फला मेंढा, त्याला शंभरेक सोन्याची नाणी लागतात. माझ्याकडे कधी पाचही जमली नाहीत.

एका रेल्मवर, म्हणजे खेळाच्या एका सर्व्हरवर, आपली दहाच माणसं ठेवता येतात. दहा भरले की नव्यासाठी एकाला काढावं लागतं, आणि काढताना 'डिलीट' असं अक्षर-अक्षर टाइप करायला लावतात, चुकून होऊ नये म्हणून. मी जो सगळ्यात पुढे गेलाय त्याला काढते. भाचा म्हणतो हा वेडेपणा आहे, मावशी, साठला, शेवटच्या लेव्हलला, पोचल्यावरच खरा खेळ सुरू होतो, इथपर्यंतचं सगळं नुसतं आत शिरायचं तिकीट आहे.

असेल. एवढे लोक जातात तर चांगलंच असणार तिथे.