विहिरीचा काप, भाग ५: बॅकग्राउंड सुटलं, आणि का सुटलं तेही सापडलं

माशांच्या टँकच्या मागच्या काचेला लावायला थर्माकोल कोरून, त्यावर सिमेंटचे कोट देऊन खडकासारखं बॅकग्राउंड करतोय. मागच्या वेळी चौथ्या कोटापर्यंत आलो होतो. त्यानंतर बॅकग्राउंड टँकमध्ये सिलिकॉननं चिकटवलं, नऊ दिवस सुकू दिलं, दहाव्या दिवशी पाणी भरलं आणि त्याच रात्री ते सुटलं. दोन आठवडे डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. थर्माकोल आणि सिमेंटवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

उजळणी थोडक्यात. टँक चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे काठोकाठ अडीचशे लिटर. मासे म्बुना, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, खडकांत राहणारे, सध्या आतल्या खोलीत दोन फुटी टँकमध्ये दाटीवाटीनं आहेत. बॅकग्राउंड म्हणजे मंद्रूपच्या मामांच्या विहिरीचा काप: वर मुरूम, मध्ये लाल बोलाचा, म्हणजे दगडाच्या थरांमधल्या लाल मातीचा, वीतभर पट्टा, खाली काळा पाषाण. पॅनेल एकसंध, ४७ बाय १७ इंच, सरासरी जाडी दोन इंच.

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणून संध्याकाळी टँक पंधरा इंचांपर्यंत भरून टाकला. रात्री दोनला 'फट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ पाणी फरशीवर पडल्याचा. आई उठून आधी मोरीकडे पळाली. आमच्याकडे नळ अपरात्रीही येतो, त्यामुळे पाण्याचा आवाज झाला की घर जागं होतं. मोरीतून तिनं हाक मारली, "आरं, नळ न्हाई आला, तुजं ते माशाचं बघ!" पॅनेल डावीकडून सुटून वर उसळलं होतं आणि ब्रेसिंगच्या, म्हणजे टँकच्या वरच्या कडेला आधाराला लावलेल्या, काचपट्टीखाली तिरकं अडकलं होतं. दोन बादल्या पाणी खाली. ब्रेसिंग टिकलं, विजेचा बोर्ड भिंतीवर उंच होता आणि वायरींना खाली झोळ दिलेला होता, म्हणून तिथे धोका झाला नाही. पण मधल्या लाल पट्ट्याला आडवी चीर गेली. दोन महिन्यांचं काम डोळ्यांसमोर तसं लटकलेलं पाहून मी पहाटेपर्यंत झोपलो नाही.

सकाळी आधी हिशेब केला. ४७ गुणिले १७ गुणिले २ म्हणजे सुमारे १६०० घन इंच, म्हणजेच २६ लिटर थर्माकोल. एक लिटर थर्माकोल पाण्याखाली दाबला की तो जवळजवळ एक किलोनं वर ढकलतो. सिमेंटचे कोट पाण्यात फार तर दोन किलो खाली ओढत असतील. म्हणजे निव्वळ २४ किलोचा जोर वरच्या दिशेनं. सिमेंटचं अर्धं पोतं कुणीतरी चोवीस तास खालून वर रेटतंय असं समजा. आकडा मोठा वाटतो, पण पक्कं झालेलं सिलिकॉन एवढा भार तळहाताएवढ्या जागेवरही आरामात धरतं, आणि मी तर साडेतीन ट्यूब पसरल्या होत्या. तेव्हा नुसत्या उचलीवर दोष ढकलून भागणार नव्हतं.

उजवी बाजू अजून चिकटलेली होती. तंगूस दोन्ही हातांना गुंडाळून करवतीसारखी मागे-पुढे ओढत ती कापली. (पॅनेल काढायला तंगुशीसारखं हत्यार नाही. पातं काचेवर ओरखडे पाडतं, तंगूस पाडत नाही.) पॅनेल बाहेर येताच व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात गेला. कडेनं बोटभर रुंदीचा पट्टा रबरासारखा पक्का, आणि त्याच्या आत सगळं सिलिकॉन लोण्यासारखं मऊ. बोट लावलं तर बोटाला आलं. नऊ दिवसांनंतर!

सिलिकॉन वाळत नाही, ते हवेतल्या ओलाव्यानं पिकतं. बाहेरून आत, दिवसाला साधारण दोन ते तीन मिमी, आणि बाहेरचा थर जाड होत जाईल तसा वेग कमी. नऊ दिवसांत दोन मिमीच्या हिशेबानं अठरा मिमी होतात, म्हणजे तो बोटभर पट्टा. माझ्या पॅनेलचा मध्य कडेपासून साडेएकवीस सेंमी आत आहे. एकाच वेगानं पिकत गेलं असतं तरी साडेतीन महिने लागले असते. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला थर्माकोल. मधल्या सिलिकॉनला ओलावा मिळणार कुठून? फरशी बसवताना खाली पोकळ ठेवत नाहीत, त्याच विचारानं मी माल पूर्ण पाठीवर सलग पसरला होता. इथे नेमकं उलटं हवं.

त्यात सोलापूरचा मे महिना. ऊन कडक आहे तर लवकर पिकेल, असं धरून मी खिडकी उघडी ठेवली आणि टेबल फॅन लावला. म्हणजे दिवसभर कोरडी झळ टँकवर मारत राहिलो.

दुसरी गोष्ट कडांची. कडा मी सिमेंटनं गुंडाळल्या होत्या. तिथलं सिलिकॉन काचेला घट्ट होतं, पण सिमेंटच्या बाजूनं सोलून निघालं आणि खाली पांढरी भुकटी दिसली. आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून पिकताना ॲसेटिक आम्ल सुटतं. ते सिमेंटमधल्या चुन्याशी लागतं आणि जोडाच्या जागीच भुसभुशीत थर तयार होतो. तेव्हा चिकटवायच्या कडा उघड्या थर्माकोलच्या ठेवा, नाहीतर तेवढ्या जागी न्यूट्रल सिलिकॉन वापरा. न्यूट्रल घेताना ट्यूबवरचं सगळं वाचा. सॅनिटरीवाले हटकून बाथरूमचं बुरशीरोधक पुढे करतात, ते टँकमध्ये चालत नाही. तारीखही बघा. पत्र्याच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली ट्यूब कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मी आता खोक्यातली नवी फोडून मागतो, दुकानदार कुरकुरला तरी.

नुसत्या तर्कावर परत चिकटवायची हिंमत नव्हती. काचवाल्याकडून तुकडकाच आणली आणि सहा-सहा इंचांचे थर्माकोलचे चौकोन चिकटवले: काही सलग माल पसरून, काही उभ्या रेघांनी, काही ठिपक्यांनी. ठिपका दाबल्यावर साधारण इंचभर पसरेल एवढा, आणि दोन ठिपक्यांत हवा खेळेल एवढी जागा. प्रत्येक प्रकारचा एक चौकोन माळ्यावर कोरड्या हवेत ठेवला, एक हॉलमध्ये कूलरसमोर. कूलर म्हणजे आपला वाळ्याच्या ताट्यांचा साधा लोखंडी. सहाव्या दिवशी सगळे उचकटले. सलग पसरलेले दोन्हीकडे आत कच्चे. माळ्यावरचे ठिपके मध्यभागी अजून मऊ. कूलरसमोरचे ठिपके आरपार पिकलेले, इतके की थर्माकोलच फाटला आणि ठिपका काचेवर तसाच राहिला! तो काचेचा तुकडा मी शोकेसमध्ये ठेवलाय. रेघाही चालतात, पण त्या उभ्याच हव्यात, म्हणजे खालून वर हवा वाहते.

आता उचल कमी करायची. पॅनेलचे तीन तुकडे केले. सरळ रेषेत नाही, खडकाच्या सांध्यांवरून पायऱ्या-पायऱ्यांनी, म्हणजे जोड लपतो. सिमेंटचा कोट एक्सॉ ब्लेडनं, आतला थर्माकोल गरम तारेनं. तार म्हणजे जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून बांबूच्या धनुष्यावर ताणलेली. शेजारचे काका पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे मिस्त्री होते, तार कशी आणि किती ताणायची ते त्यांनी पाच मिनिटांत दाखवलं. त्याच तारेनं पाठ पोखरली, कवच तेवढं ठेवलं. धूर वाईट असतो, हे काम गच्चीवरच, मास्क लावून आणि वाऱ्याकडे पाठ करून. आता थर्माकोल २६ वरून सुमारे ९ लिटर उरलाय. खाली-वर भोकं ठेवलीत, मागं पाणी भरतं. तिन्ही मिळून उचल सात किलो, तुकड्यामागे सव्वादोन-अडीच. कॅनिस्टर फिल्टरची पाणी ओढणारी नळी या पोकळीतच घेणार, म्हणजे मागचं पाणी साचून राहणार नाही. भोकांना प्लॅस्टिकची जाळी लावली, नाहीतर पिल्लं मागं जाऊन अडकतील.

थर्माकोलबद्दल एक. २०१८ च्या बंदीनंतर मखराचा थर्माकोल दुर्मिळ झाला, आणि ते बरंच झालं, त्याचा दाणा मोठा नि ठिसूळ असायचा. गच्चीच्या इन्सुलेशनची शीट बारीक दाण्याची येते. कोरताना खडकाची धार टिकते.

चीर गेलेला लाल पट्टा खरवडून नव्यानं केला, आणि खरं सांगतो, हे नुकसान लाभाचं ठरलं. पहिला पट्टा जुन्या घरातल्या लाल कोब्यासारखा सपाट दिसत होता. या वेळी लाल ऑक्साइडमध्ये थोडा पिवळा, चिमूटभर काळा, आणि ब्रशऐवजी चुरगाळलेल्या पिशवीनं थोपटत गेलो. ऑक्साइड सिमेंटच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवला, जास्त झाला की कोट कमजोर होतो. पाषाणावर कांद्याच्या पापुद्र्यासारखे गोल पदरही काढले, आपल्याकडचा झिजलेला काळा दगड असाच सोलत जातो. मामा बाजाराच्या दिवशी आले होते. बराच वेळ वाकून बघत बसले, पट्ट्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "आता कुठं आपली हीर वाटाया लागली बघ." एवढ्यासाठीच तर सगळं चाललंय.

प्रत्येक कोटावर ओले टॉवेल टाकतो. गोणपाटाचे तंतू कच्च्या कोटात रुततात, सोलापुरी टॉवेल जुना झालेला असला की पाणीही धरतो आणि सुटा निघतो. या उन्हात दोन तासांनी भिजवलं नाही तर कोट पांढरा पडून खडूसारखा निघतो.

सिमेंटमधला चुना उतरावा म्हणून तुकडे पाण्यात भिजत ठेवतो आणि ते पाणी बदलत राहतो. हे भिजवणीचं पाणी मात्र जपून वापरावं लागतंय. नळाला पाणी पाच दिवसांआड, त्यामुळे तुकड्यांचं पाणी बदलण्याचा वारही नळच ठरवतो. पहिल्या पाण्याला पीएच टेस्टच्या पट्टीबाहेर होता. पाचव्याला ८.६. आमचं पाणी मुळातच जड, ७.८ च्या वरचं, आणि म्बुनांना ७.८ ते ८.६ मानवतं. नीऑन किंवा डिस्कस असे मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे पाळणाऱ्यांनी मात्र सिमेंटच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. निघालेलं पाणी कुंड्यांना घालत नाही, चुन्याचं असतं, अंगण धुवायला जातं.

इथपर्यंत बेत असा होता: मृगाचा पाऊस पडून हवा ओली झाली की ठिपक्यांनी चिकटवायचं, वर ब्रेसिंगखाली पाचर मारायची. पण वरची उचलीची बेरीज लिहिताना वेगळंच सुचलं. उचल जर तुकड्यामागे अडीच किलोच उरली असेल, तर चिकटवायचंच कशाला? काळ्या खडीचा एक किलो पाण्यात साधारण साडेसहाशे ग्रॅम भरतो. अडीच किलो दाबायला चार किलो खडी पुरते. पोकळीच्या तळाशी बारीक खडी सिमेंटात बसवली, तर तुकडा आपल्याच वजनानं उभा राहील. साफसफाईला, किंवा लपलेला मासा पकडायला, उचलून बाहेरही काढता येईल. पुढे झुकू नये म्हणून बाजूच्या काचांना दोन-दोन उभ्या काचपट्ट्या, त्यांच्यामध्ये तुकडा सरकवायचा. सिलिकॉन फक्त त्या पट्ट्यांना, काचेला काच, अरुंद जोड, म्हणजे कच्चं राहण्याचा प्रश्न येत नाही. मधल्या तुकड्याला काचेचा आधार मिळत नाही, त्याला शेजारच्या दोघांच्या पायरीत खाच देऊन अडकवावं लागेल. खाच किती खोल ठेवावी यावर अजून अडलोय. कुणी असं केलं असेल तर खोली आणि त्यावर किती कोट दिले ते सांगा, दोन कोटांनी खाच भरून येईल अशी भीती आहे.

लिहिणं अर्धवट ठेवून उजव्या तुकड्यात चार किलो खडी नुसती तारेच्या जाळीत बांधून ठेवली आणि गच्चीवरच्या पिंपात सोडून पाहिलं. बुडबुडे सोडत खाली गेला आणि तळाशी बसला. काठीनं ढकलला, थोडा डोलला, परत सरळ झाला. तासाभरानं पुन्हा जाऊन पाहिलं, तिथेच होता. परवा नळाला पाणी येईल, तेव्हा सहावं पाणी बदलतो आणि खडी सिमेंटात पक्की करतो. काचवाल्याला पट्ट्यांचं माप आत्ताच फोनवर दिलं: दीड इंच रुंद, सोळा इंच लांब, कडा घासून, चार नग.