उकिडवं बसणाऱ्याची बढती

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधला कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच वाटतो. मुखवटा, छातीवर कवच, हातात गलेलठ्ठ मोजा, वाटणारच. पण कुठला चेंडू टाकायचा, हेही बरेचदा कॅचरच पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सुचवतो. वर एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू उकिडवं बसून झेलायचे आणि मधूनमधून उठून बॅटिंगही करायची. एवढं शिकायला वेळ लागतो, आणि मायनर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, वेळ सोडून बाकी सगळ्याची टंचाईच.

कॅचर एरिक क्रॅट्झला टोरांटो ब्लू जेजनी २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, २९व्या फेरीत घेतलं. इतक्या खाली कॅचर घेण्याचं कारण बहुधा साधं असतं: सराव शिबिरात पिचरांची फौज असते आणि त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी लागतं. मेजर लीगमधला पहिला सामना तो खेळला १७ जुलै २०१० रोजी, पिट्सबर्ग पायरेट्सकडून, वयाच्या तिशीत. २०२०मध्ये यांकीजकडून खेळताना चाळिशी गाठली होती.

मधल्या वर्षांत शिकायचं काय? धावफलकावर न दिसणारं बरंच काही. बेसवर (धावण्याच्या वाटेवरच्या थांब्यावर) धावपटू असताना चेंडू जमिनीवर आपटून आला, तर तो पकडायला जायचं नाही. नवखे नेमके इथेच फसतात. दोन्ही गुडघे खाली, मोजा पायांमधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढे. चेंडू अंगावर घ्यायचा आणि समोरच पाडायचा. मागे रेललात की तो छातीवरून उसळून लांब जातो, आणि धावपटू पुढचा बेस फुकटात घेतो.

धावपटू पुढचा बेस चोरायला पळाला, तर त्याला रोखायला होम प्लेटपासून (बॅटरजवळच्या पाटीपासून) दुसरा बेस १२७ फुटांवर. चेंडू मोज्यात आल्यापासून तिथल्या सहकाऱ्याच्या मोज्यात पोचेपर्यंत साधारण २ सेकंद, १.९ म्हणजे उत्तम. दंडाच्या ताकदीचं सगळ्यांना कौतुक, पण चांगले कॅचर वेळ वाचवतात तो पायांत आणि मोज्यातून चेंडू काढण्यात. तिथे ०.७ सेकंदाच्या आसपास जातात. बोटं शिवणीवर आडवी बसली नाहीत किंवा कोपर खाली राहिलं, की चेंडू वाटेत वळतो.

आणि मग फ्रेमिंग, म्हणजे पंचाने बॅटरविरुद्ध निर्णय (स्ट्राइक) द्यावा असा चेंडू झेलणं. प्लेट फक्त १७ इंच रुंद. कडेला आलेला खालचा चेंडू स्ट्राइक ठरावा म्हणून मोजा आधीच खाली ठेवून वर येताना चेंडू घ्यायचा. घेतल्यावर आत ओढला तर ती लबाडी पंचाला दिसतेच. मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये, आधी आजमावलेली चॅलेंज पद्धत २०२६पासून मेजर लीगमध्येही आली: निर्णय चुकीचा वाटला तर डोक्यावर टपली मारून दाद मागायची. संघाकडे सुरुवातीला दाद मागायच्या दोनच संधी. दावा खरा ठरला तर ती शिल्लक राहते. म्हणजे हातचलाखीइतकीच आता नजरही पक्की हवी.

एवढं येऊनही बढती हाती नसते. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए चढून आलं तरी वरच्या संघात कॅचर साधारण दोनच. तिसरा ट्रिपल-एमध्ये बॅग भरून बसतो आणि एखाद्याचा अंगठा मुरगळला की त्याचं नशीब उघडतं. (अशी वाट पाहणं कुणाला शोभत नाही, पण पर्याय काय?) त्यातही वरच्या संघात खेळू शकणाऱ्या ४० जणांच्या यादीत जागा नसेल, तर आधी कुणाला तरी काढावं लागतं. जखमी बरा होऊन परतला की हाच माणूस पुन्हा खाली.

पैशांतला फरक ऐकून भोवळ येते. २०२३च्या करारात ट्रिपल-एचं किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर ठरलं. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान होतं ७,२०,०००. ते हंगामाच्या दिवसांच्या हिशेबाने मिळतं, त्यामुळे वरचा एकेक आठवडासुद्धा मोलाचा.

पण बोलावणं आल्यावर हा हिशेब करायला फुरसत नसते. दुपारी मैदानावर पोचायचं, पिचिंग कोचसोबत प्रतिस्पर्धी बॅटरांचे कच्चे दुवे पाहायचे, मग संध्याकाळी बुलपेनमध्ये (पिचरांच्या सरावाच्या जागेत) ज्याचा स्लायडर, म्हणजे वळणारा चेंडू, आजवर कधी झेललाच नाही त्या पिचरसमोर बसायचं आणि पहिल्या दहा-पंधरा चेंडूंत तो किती आणि कधी वळतो ते ओळखायचं.