हौदाची नोंदवही: ऑक्टोबर ते संक्रांत

गार पाण्यात उतरणाऱ्या सगळ्या मंडळींना ग्वाल्हेरहून राम राम. गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवरच्या ड्रमात एकटाच बसायचो आणि घरचे मला वेड्यात काढायचे. यंदा आम्ही सात जण झालो. १ जानेवारीला सगळ्यांनी मिळून बुडी मारायची असं ठरलं, त्याची ही नोंद. थर्मामीटर माशांच्या टाकीचा, काचेचा आहे, त्यामुळे अर्धा अंश इकडेतिकडे धरा.

आधी जागेचं. इथे गारठ्याची कमतरता नाही, कमतरता आहे ती गार पाण्याची. चंबळेत मगरी आणि सुसरी आहेत, तिथे आपण गेलो तर नवीन वर्ष त्यांचं साजरं होईल. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी अर्धं शहर पितं, त्यात उतरायचा विचारही नको. पोहण्याचे तलाव थंडीत कुलूपबंद. शेवटी वहिनींच्या माहेरचं शेत सापडलं. तिथे सिमेंटचा हौद आहे, १० फूट बाय ६ फूट, पाणी छातीपर्यंत. भरायला बोअर.

२६ ऑक्टोबर. हौद २४.५. ही काय बुडी, ही आंघोळ. पण त्याच दिवशी बोअरच्या धारेखाली थर्मामीटर धरला तर २५.५. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे वाटलं.

९ नोव्हेंबर. हौद २१. थंडीला शरीर कसं सरावतं ते मोजायची माझी एक पद्धत आहे: उतरलो की मोठ्याने तेराचा पाढा म्हणायचा. श्वास न तुटता तेरा दाहे पर्यंत पोचलो की छाती ताळ्यावर आली. आज २० सेकंदांत पोचलो.

३० नोव्हेंबर. हौद १७. तेरा त्रिकवर अडकलो. अंगाला एकदम गार पाणी लागलं की छाती आपोआप हवा ओढते, तिला तुमची परवानगी लागत नाही. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, दोन-तीन मिनिटांत ओसरतं. त्या अर्ध्या मिनिटात तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. म्हणून आमच्याकडे सूर मारायला बंदी: पायरीवरून उतरायचं, काठ धरायचा आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं. पाच-सहा बुड्यांनंतर ही धाप निम्म्यावर येते, असं यावर काम करणारे शास्त्रज्ञ सांगतात. माझा पाढा त्याला साक्ष आहे.

नानांची बायपास झालेली, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना उतरू द्यायचं नाही यावर एकमत होतं, त्यांचं सोडून. आता ते काठावर खुर्ची टाकून घड्याळ सांभाळतात आणि वेळ संपली की काठीने हौदाची कड ठोकतात. अडीच मिनिटं म्हणजे अडीच मिनिटं.

१४ डिसेंबर. हौद १४.५, साडेसहा वाजता. आज मी मूर्खपणा केला. बाहेर आल्यावर अंग मस्त तापल्यासारखं वाटत होतं, म्हणून ओल्या बनियनवरच स्वेटर चढवून स्कूटर काढली. दहा मिनिटांनी कंपूच्या वळणावर हात इतके थरथरायला लागले की हँडल धरवेना. कडेला थांबलो, चहाच्या टपरीवर पाऊण तास काढला. बाहेर आल्यावरही शरीर आतून थंडच होत जातं, हातापायांतलं गार रक्त परत फिरतं म्हणा किंवा काही म्हणा. तेव्हापासून नियम: आधी कोरडं व्हायचं, मग टोपी, मग कपडे, मग आल्याचा चहा, आणि अर्धा तास कुणी गाडीला हात लावायचा नाही. लगेच कढत पाण्याने आंघोळही नाही, त्याने भोवळ येऊ शकते.

२२ डिसेंबर. हौद १३. आता थोडं आपल्या आवडीचं. निरभ्र रात्री हौद दीडेक अंशाने उतरतो, धुक्याच्या रात्री जेमतेम अर्ध्याने, कारण उघड्या आभाळाकडे उष्णता निघून जाते आणि धुकं तिच्यावर पांघरूण घालतं. पण निरभ्र रात्रीनंतर ऊन पडतं आणि कमावलेलं सगळं दुपारी जातं. धुकं असलं की ऊनच नाही. म्हणून दोन निरभ्र रात्री आणि त्यावर तीन दिवस कोहरा, हा आमचा मुहूर्त. आणि रात्री गार झालेलं पाणी तळाला बसतं: पहाटे वरती १३ तर पावलांशी १२. पायांची बोटं उगीच ओरडत नाहीत.

३१ डिसेंबर. दुपारी मनात मांडे. व्हँकुव्हरला १९२० पासून नवीन वर्षाच्या दिवशी लोक समुद्रात उतरतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा क्लब १९०३ चा. हॉलंडमध्ये स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावर हजारो लोक केशरी टोप्या घालून धावत पाण्यात शिरतात. त्यांचं पाणी ६-७ अंशांचं. आम्ही १२ वर खूश होतो. नाना म्हणाले, "आपलं नवीन वर्ष पाडव्याला, तेव्हा उतरा." म्हटलं, "नाना, पाडव्याला म्हशीसुद्धा हौदात बसतील."

१ जानेवारी. हवा ६ अंश. धुकं इतकं की पुढच्या माणसाचा मफलर तेवढा दिसतोय. हौदाजवळ गेलो तर पाण्यातून वाफा निघत होत्या. मला वाटलं, धुकंच. थर्मामीटर टाकला: २३.

चौकीदार हसतमुखाने उभा. "कल पूरा हौद खाली करके रगड़ा है साहब, काई बहुत जमी थी। ताज़ा पानी भरा है, एकदम गुनगुना। आराम से नहाओ।" पाहुणे येणार म्हणून बिचाऱ्याने दिवसभर घासघास घासलं होतं. दोन महिने जपलेलं गार पाणी वांग्यांच्या वाफ्यात गेलं होतं. पाहुणे म्हणून आलेले चार नवखे मजेत वीस मिनिटं डुंबले, एकाने तर "एवढंच असतं होय" असंही ऐकवलं. मी तेराचा पाढा म्हणून एकोणीसच्या पाढ्यालाही हात घातला. नाना खुर्चीत बसून डोळे पुसत हसत होते.

घरी आईला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. "विहिरीचं पाणी थंडीत कोमटच असतं. तुझी आजी कार्तिकस्नानाला पहाटे वाड्याच्या विहिरीवर का जायची? घंगाळातलं रात्रीचं पाणी तिने कधी अंगावर घेतलं नाही." आजीच्या काटकपणाच्या गोष्टी आम्ही पन्नास वर्षं ऐकत आलो होतो. म्हातारी २५ अंशांच्या पाण्याने आंघोळ करत होती.

१४ जानेवारी, संक्रांत. मोटरच्या बटणावर चिठ्ठी चिकटवून दोन आठवडे वाट पाहिली. मधले सहा दिवस सूर्य दिसला नाही. हौद ११.५, तळाशी ११. पाढा तेरा चोकवर तुटला, पुन्हा पहिल्यापासून घेतला, ५५ सेकंदांना पूर्ण. "एवढंच असतं होय" म्हणणारा नवखा गुडघ्यापर्यंत उतरला, एक शब्द न बोलता परत वर गेला आणि चहा उकळायच्या कामाला लागला. वहिनींनी काठ न धरता दोन मिनिटं काढली, आमच्यात सगळ्यात जास्त. नंतर तिळगूळ, गजक आणि चहा. दात इतके वाजत होते की गजक खाताना आवाज नक्की कशाचा ते कळेना. हौदात हिरवी काई पुन्हा धरू लागली आहे, चौकीदार तिच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो.