होमलाइट एक्सएल-१२: बंद पडलेल्या करवतीपासून विक्रीपर्यंत

मिशिगनमधल्या एका इस्टेट सेलमध्ये (घरातल्या सामानाची विक्री) मिळालेली निळी चेनसॉ, होमलाइट एक्सएल-१२, सुरू झाली, ओंडके कापून तपासली आणि आता विकलीही गेली. जुन्या चेनसॉमध्ये रमणाऱ्या मंडळींसाठी ही नोंद.

एक्सएल-१२ बाजारात आली १९६३ मध्ये. ५४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मॅग्नेशियमची बॉडी, आणि बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) व चेन सोडून वजन १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो. एकट्या माणसाला दिवसभर पेलेल अशी करवत त्या काळात फार हवी होती, म्हणून ही भरपूर खपली. त्यामुळे तिचे भाग आजही मिळतात. पहिल्यांदा या छंदात उतरणाऱ्याने हीच घ्यावी असं मी आवर्जून सांगतो.

पैसे मोजण्याआधी मफलर काढून आत टॉर्च मारला. एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभ्या रेघा दिसल्या तर करवत तिथेच ठेवून निघावं. इथे पिस्टन स्वच्छ होता. घरी गेज लावला, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, १४० पीएसआयच्या आसपास. एवढ्या वयाच्या इंजिनाला उत्तमच.

पण स्पार्क नव्हता. फ्लायव्हील काढल्यावर खाली पॉइंट्स (स्पार्कसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने पॉइंट्सवर ऑक्साइडचा थर चढलेला. बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग कोऱ्या कागदाने पुसून घेतलं आणि गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी ठेवला. ज्यांनी पॉइंट्सवाली बजाज चेतक किंवा राजदूत सांभाळली आहे त्यांना हे वेगळं शिकवायला नको. स्पार्क लगेच आला. पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवणारेही आहेत, पण मूळ व्यवस्था चालत असेल तर मी तिला हात लावत नाही.

खरं काम कार्बोरेटरचं. टिलॉटसनचा एचएस मालिकेतला कार्ब. मीटरिंग डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा पातळ पडदा, पापडासारखा कडक झालेला. हा डायफ्रॅम क्रँककेसमधल्या दाबाने नाही, तर कार्बमधल्या ओढीने हलतो आणि लिव्हरमार्फत सुई उघडतो. तो लवचीक नसेल तर पेट्रोल हवं तेव्हा हवं तितकं येत नाही. मग करवत आयडलवर (थ्रॉटल न दाबता) कशीबशी चालते आणि थ्रॉटल दाबला की मरते. किटमधले डायफ्रॅम, गॅस्केट, सुई सगळं बदललं. आतली बारीक जाळी जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने बुजलेली होती, तीही नवी घातली. जेटच्या भोकांत तार कधीच घालू नका. क्लीनर आणि हवा पुरते.

पेट्रोलची नळी हाताला चुरत होती. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराचं त्याच्याशी जमत नाही. भारतात आता ई-२० आल्यामुळे तिकडे जुनी टू-स्ट्रोक यंत्रं ठेवणाऱ्यांनीही नळ्या आणि डायफ्रॅमवर लक्ष ठेवावं. मी इथेनॉल नसलेलं पेट्रोलच वापरतो, ३२:१ प्रमाणात (३२ भाग पेट्रोलला १ भाग तेल). जुन्या पुस्तिकेत १६:१ आहे, पण ते त्या काळच्या तेलासाठी.

ट्यूनिंगला कार्बवरचे मिश्रणाचे दोन्ही स्क्रू एकेक फेरा उघडून सुरुवात केली. पूर्ण थ्रॉटलवर, लाकडाबाहेर, आवाज किंचित फुटका यायला हवा. लाकडात शिरताच तो स्वच्छ झाला की मिश्रण बरोबर. बाहेरच कानठळ्या बसवणारा सरळ आवाज येत असेल तर तेलपेट्रोल कमी पडतंय. असं चालवलं की पिस्टन जातो.

चेन ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), म्हणून धारेला ७/३२ इंचाची गोल कानस. दात किती खोल कापेल ते ठरवणारे, दातांपुढचे डेप्थ गेज दातांपेक्षा ०.०२५ इंच खाली ठेवले. चाचणीला वाळलेल्या ॲश झाडाचं लाकूड घेतलं. एमराल्ड ॲश बोरर ही कीड २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरातच पहिल्यांदा ओळखली गेली, त्यामुळे इथे उभ्या-उभ्या वाळलेल्या ॲशला तोटा नाही. भुश्याऐवजी जाड, लांब चिपा पडल्या, धार बसली.

रंग तसाच ठेवला. ग्रीस धुतलं, घासलेले कोपरे घासलेलेच राहू दिले. नव्या रंगाखाली खरेदीदाराला मॅग्नेशियमवरची भेग दिसत नाही, आणि मूळ रंगाला जाणकार जास्त किंमत देतात.

जाहिरातीत थंड इंजिन सुरू करण्याचा व्हिडिओ, पिस्टनचा फोटो आणि बदललेल्या भागांची यादी टाकली. सगळ्यात वर लिहिलं की हिला चेन ब्रेक, म्हणजे चेन झटकन थांबवणारी व्यवस्था, नाही. ते संरक्षण चेनसॉवर १९७० च्या दशकात आलं. किकबॅकपासून (करवत अचानक उसळून अंगावर येण्यापासून) वाचवणारं हिच्यात काहीच नाही, आणि हे घेणाऱ्याला आधी कळायलाच हवं. १४० डॉलर मागितले, १२५ ला गेली. पार्सलने पाठवायची असती तर टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी लागली असती, म्हणून स्थानिकच ग्राहक पाहिला. मेपलचा पाक करणारा शेतकरी आहे, भट्टीसाठी सरपण कापणार. अंगठ्याने दाबायचा चेन ऑइलचा पंप अंगवळणी पडेपर्यंत मी त्याला अंगणातच दोन ओंडके कापायला लावले.

बाकावर आता पुढची करवत, मॅककुलॉक मॅक १०-१०, आहे. कॉम्प्रेशन ठीक, पण गरम झाली की आयडल आपोआप वाढतो. क्रँकच्या टोकांवरच्या सीलमधून हवा घेत असावी. प्रेशर-व्हॅक्यूम तपासणी झाली की लिहितो.