स्टारक्राफ्ट बॉट, प्रगतीची नोंद: केसमध्ये फॉग ऑफ वॉर

हा बॉट स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा युद्धखेळ केस-बेस्ड रीझनिंगने खेळतो, म्हणजे आधीचे सारखे प्रसंग (केसेस) शोधून त्यांवरून निर्णय घेतो. या टप्प्यात केसबेसमध्ये, म्हणजे केसेसच्या साठ्यात, एकही नवा रिप्ले (खेळून झालेल्या सामन्याची नोंद) घातला नाही. सगळं काम झालं ते दोन प्रसंग 'सारखे' कधी म्हणायचे यावर, आणि माझ्या मते या तंत्राचा जीव तिथेच आहे.

बॉट टेरान (खेळातल्या तीन वंशांपैकी एक) खेळतो, बीडब्ल्यूएपीआयवर (बॉटला खेळाशी जोडणारी लायब्ररी) चालतो. एक केस म्हणजे रिप्लेमधला एक क्षण: तेव्हाची परिस्थिती, खेळाडूने पुढे काय बांधलं आणि शेवटी कोण जिंकलं. आमोड्ट आणि प्लाझा यांनी १९९४ मध्ये मांडलेलं शोधा-वापरा-सुधारा-साठवा हे चक्र आहे तसं ठेवलं आहे.

गंमत अशी की रिप्लेला सगळा नकाशा दिसतो, खेळणाऱ्याला दिसत नाही; जिथे त्याची युनिट नाहीत तो भाग 'फॉग ऑफ वॉर'खाली झाकलेला असतो. समोर प्रोटॉस (दुसरा एक वंश) आहे आणि त्याने टेम्प्लर आर्काइव्हज (डार्क टेम्प्लर हे सैनिक बनवायला लागणारी इमारत) बांधलं आहे, हे रिप्लेच्या डेटात स्पष्ट असतं. खेळाडूला मात्र त्याचा पत्ताही नसतो. तरी तो इंजिनिअरिंग बे आणि मिसाइल टरेट (अदृश्य युनिट हेरणारे बुरूज) उभारतो, कारण स्काउट (टेहळणीला पाठवलेलं युनिट) परतलेला नाही आणि न दिसणारे डार्क टेम्प्लर केव्हाही दारात येतील. पूर्ण माहितीवर बनवलेल्या केसमध्ये या टरेटमागचं कारणच हरवतं. म्हणून आता प्रत्येक युनिट त्या खेळाडूला दिसत होतं का, हे तपासूनच केस तयार होते. त्याचं अज्ञानही केसमध्ये नोंदलं जातं.

त्यामुळे दोन केसेसमधलं अंतर, म्हणजे त्या किती वेगळ्या आहेत, हे मोजायचं सूत्र बदलावं लागलं. 'शून्य गेटवे' (प्रोटॉसची सैनिक बनवायची इमारत) आणि 'गेटवे किती ते माहीत नाही' या दोन वेगळ्या किमती झाल्या. अज्ञात फीचर (केसमधली एखादी मोजायची बाब) नुसतं वगळलं तर कमी माहितीची केस उगाच सगळ्यांत जवळची ठरते, कारण फरक मोजायलाच काही उरत नाही. त्यावर उपाय असा: दोन्हीकडे अज्ञात असेल तर अंतर शून्य, एकीकडेच असेल तर ठरावीक मधला दंड. शिवाय प्रत्येक निरीक्षणासोबत ते कोणत्या फ्रेमला (खेळाच्या घड्याळाच्या कोणत्या ठोक्याला) झालं हेही साठवतो, म्हणजे जुन्या माहितीचं वजन उतरत जातं.

फरक खेळात दिसतो. स्काउटिंग फसलं की बॉट आता सावध खेळाडूंच्या केसेस उचलतो आणि टरेट वेळेत उभे राहतात. हे बघताना फार आनंद होतो, कारण यासाठी एकही नियम हाताने लिहिलेला नाही.

वेगाची अडचण नाही. फास्टेस्ट या सर्वांत वेगवान सेटिंगवर एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची असते, पण केसेसचा शोध काही सेकंदांतून एकदाच घ्यावा लागतो, त्यामुळे सरळ ओळीने शोधलं तरी चालतं. आधी स्वतःच्या इमारतींवरून गाळणी लावतो. ही कल्पना अहा, मोलिनो आणि पोन्सन या संशोधकांच्या २००५ च्या, वॉर्गस या अशाच एका युद्धखेळावरच्या कामातून घेतली. तिथे खेळाचे टप्पे इमारतींवरूनच पाडले होते.

'सुधारा' हा भाग अजून कच्चा आहे. केसमधल्या खेळाडूचे दोन बेस आणि बॉटचा एकच, अशा वेळी फक्त बॅरॅक्सची संख्या निम्मी करून भागत नाही; क्रमही बदलायला हवा.

यानंतर केसेस विसरण्याचं काम हाती घेणार आहे. क्वचित वापरली जाणारी केस सरसकट काढता येत नाही, कारण एखाद्या दुर्मीळ डावपेचावर तेवढं एकच उत्तर असू शकतं. आधी प्रत्येक केस काढून बघायची, तिच्या जागी शेजारची केस तेच उत्तर देते का ते तपासायचं, आणि देत असेल तरच ती काढून टाकायची, असा विचार आहे. कुणी हे मोठ्या केसबेसवर केलं असेल तर शेजारच्या केसेस कशा ठरवल्या, ते जरूर सांगा.