निघालो सोनौलीला, पोचलो रक्सौलला

पोखरा-काठमांडूचे आठ दिवस मजेत गेले. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांचेच जातात. लिहायचंय ते परतीच्या दीड दिवसाबद्दल.

बेत सरळ होता. काठमांडूहून पहाटेची बस, मुग्लिन-नारायणगड-बुटवल करत सोनौली, सीमा ओलांडून गोरखपूर आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. जुलै महिना, रात्रभर पाऊस. तिकीट देणाऱ्याला दोनदा विचारलं, "रस्ता चालू आहे ना?" दोन्ही वेळा मान हलली. नौबिसे ओलांडलं आणि बस उभी राहिली ती राहिलीच. लोकांच्या तोंडी एकच शब्द, "पहिरो". पहिरो म्हणजे दरड. हा शब्द कानावर पडला की सीटवर बसून राहू नका.

मी बसून राहिलो. "दोन तासांत खुलेल" हे तीनदा ऐकलं आणि पाच तास घालवले. मुग्लिन ते नारायणगड हे 36 किलोमीटर त्रिशूलीच्या काठाने डोंगर कापून काढलेत. जुलै 2024 मध्ये सिमलतालपाशी दरडीने दोन बस प्रवाशांसकट नदीत लोटल्या. तेव्हा तिथला रस्ता बंद ठेवला म्हणून चिडण्यात अर्थ नाही. चीड आली ती बंद असल्याचं पहाटेपासून माहीत असूनही तिकीट विकल्याची. पैसे परत मिळाले नाहीत. मिळतही नसावेत.

शेवटी सोनौलीचा नाद सोडला, वीरगंज-रक्सौलच्या सीमेने जायचं ठरवलं आणि सॅक पाठीला लावून उलट दिशेच्या गाडीने काठमांडूतल्या बल्खूला आलो. इथून त्या वाटेवरच्या हेटौड्याला टाटा सुमो सुटतात, फर्पिंग-कुलेखानी-भीमफेदी मार्गे. दामनवरून जाणारा जुना त्रिभुवन राजपथही आहे, पण तो लांबचा. हिमशिखरं बघायला उत्तम असेल, पावसाळ्यात ढगच बघाल.

आता माझी खरी ठसठस. भाडं किती? "नऊशे." बसलो. हेटौड्याला उतरल्यावर ड्रायव्हर म्हणतो, "नऊशे आयसी." आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. शंभर आयसीचे 160 एनसी होतात, हा दर 1993 पासून तसाच आहे. म्हणजे 1440. शेजारच्या नेपाळी बाईंनी त्याच प्रवासाचे माझ्यादेखत नऊशे एनसी दिले होते. भांडलो, पण सॅक टपावर दोरीने बांधलेली आणि दोरी त्याच्या हातात. आकडा ऐकल्याबरोबर "आयसी की एनसी?" विचारा, चार सहप्रवाशांसमोर विचारा, आणि नेपाळी नोटा जवळ ठेवा. बस्स. यात लाजायचं काय?

रस्त्याबद्दल: कुलेखानी ते भीमफेदी हा उतार वाईट आहे. अरुंद, वळणावर वळण, समोरून दुसरी सुमो आली की एकाने मागे जायचं, आणि मागे दरी. गाडी लागत असेल तर उपाशी पोटी बसा, मधली सीट मागून घ्या. 1956 मध्ये राजपथ झाला, त्याआधी नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांच्या मोटारी याच भीमफेदीहून हमाल खांद्यावर वाहून काठमांडूच्या खोऱ्यात नेत. माझ्या सीटवरून ती पद्धत जास्त सुरक्षित वाटत होती. हाही रस्ता पावसात बंद पडतो, म्हणून काउंटरवर विचारू नका, नुकत्याच हेटौड्याहून आलेल्या ड्रायव्हरला विचारा.

हेटौड्याला मुक्काम केला. इथे आणखी एक गोष्ट लक्षात आली, तीही झोपताना. सोनौली उत्तर प्रदेशात, रक्सौल बिहारमध्ये. बिहारमध्ये 2016 पासून दारूबंदी आहे आणि माझ्या सॅकमध्ये भेट द्यायला घेतलेली खुकुरी रम. वाट बदलली की कायदाही बदलतो, हे डोक्यातच नव्हतं. सकाळी बाटली लॉजच्या मॅनेजरला दिली. एवढा आनंदी माणूस सबंध प्रवासात भेटला नाही.

हेटौडा ते वीरगंज सोपं, बस भरपूर. वीरगंजहून सीमा पायी ओलांडा, सामान फार असेल तरच ई-रिक्षा. बॅग तपासतात, ओळखपत्र वर ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं मागे घ्या.

गोरखपूरहून ठरलेली सकाळची गाडी अर्थातच गेली होती. रक्सौलहून नरकटियागंजला गाडी बदलून गोरखपूर गाठता येतं. मी पुढच्या पॅसेंजरची वाट बघत फलाटावर सॅक उशाला घेतली आणि तीही झोपेत चुकवली.